रोसलासचा विस्तव

थर्मास इकडे दे हेलेद. आणि त्या बादलीवर बसू नकोस, मोडेल. गवताच्या गठ्ठ्यावर बस. कोपऱ्यातली ती मेंढी अजून बराच वेळ मोकळी होत नाही. पहिलंच वेत आहे तिचं, आपण तिच्याकडे बघत राहिलो की बिचकते. आपण आपलं बोलत बसावं.

माक्सेन, मघाशी गाडीत तू मला हसलास. रोसलासच्या वळणावर मी गाडी हळू केली, दिवे खाली घेतले, तर हेलेदच्या कानात काय पुटपुटलास? आजोबा भुताला घाबरतात म्हणून? मला ऐकू कमी येतं, पण नेमकं असलं बरोबर येतं.

घाबरत नाही रे. घाबरण्यासारखं तिथे काही नाही. लहान मूल झोपलेल्या घरावरून जाताना माणूस पाय हळू टाकतो की नाही, तसं आहे ते.

आता काढलंच आहेस तर सांगतो. हे माझ्यावर आलेलं नाही, एल्वेडवर आलं. पण सकाळी तिथे पहिला पोचलो तो मी. म्हणजे अर्धं त्यानं सांगितलेलं आणि अर्धं मी या डोळ्यांनी पाहिलेलं.

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली अकरा तारीख. शनिवार. त्या आठवड्यातली थंडी तुम्हाला आठवत असेल. नदी काठाकाठानं गोठली होती. मेंढ्यांच्या पाण्यावरचा बर्फ मी रोज सकाळी पहारीनं फोडायचो. संध्याकाळी जेवण उरकून मी अंगणात कुत्रीला खायला घालत होतो, तेवढ्यात एल्वेडची गाडी येऊन थांबली. काच खाली केली आणि म्हणाला, "इथेल, मोठा पाना आहे का तुझ्याकडे? वर रोसलासला चाललोय. नळ रिकामे करायचेत."

"आत्ता? अंधारात?"

"त्या शहरातल्या बाईचा फोन आला होता. आज रात्री फार गोठणार म्हणे. पाईप फुटले तर सोमवारी तिला किल्ली कशाची देऊ, तळ्याची?"

"थांब, मी येतो बरोबर."

"एक नळ बंद करायला दोन म्हातारे कशाला? मी घसरून पडलो तर तू काय, माझ्यावर येऊन पडणार?"

मी पाना दिला. तो गेला. गाडीचे लाल दिवे चढावर थोडा वेळ दिसले, मग वळणाआड गेले. बस. कामाला निघालेला माणूस. चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं.

एल्वेड तुला आठवतो ना हेलेद? दुधाच्या टँकरवर होता जन्मभर. तुझ्या कानामागून गोळी काढून दाखवायचा, तोच. रोसलासमध्ये जन्मला, तिथेच वाढला, लग्न करून मेरेरिडला तिथेच आणली. आणि त्या हिवाळ्यात ते घर त्यानं विकलं होतं. घेणारी माणसं चांगली होती, उगाच कुणाला नावं ठेवायची नाहीत. नवरा-बायको शाळेत शिकवायचे, निवृत्त झाल्यावर इथे राहायला येणार होते. एल्वेडची पुतणी नेस्टा, खाली गावात राहते, तिनंच त्याच्यामागे लकडा लावला होता. मेरेरिड गेल्यावर म्हातारा त्या डोंगरावर एकटा कसा राहणार? तिचंही बरोबर होतं. तो तिच्याकडे राहायला आला. पलंग, घड्याळ, कपबशा, सगळं खाली आणलं. फक्त माळ्यावरची एक वस्तू राहिली होती. ती आणायची त्याला हिंमत झाली नव्हती. ते पुढे सांगतो.

त्या घराचं आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

एका रात्रीचं घर, असं आपल्याकडे म्हणतात ते माहीत आहे ना? गावाच्या मोकळ्या माळावर सूर्य बुडाल्यावर बांधायला घ्यायचं, आणि उजाडायच्या आत धुराड्यातून धूर निघाला पाहिजे. निघाला, तर घर तुझं, कुणी उठवायचं नाही. कायद्यात असं कुठे लिहिलेलं नव्हतं म्हणतात. पण गरिबाला कायदा कुठे वाचता येत होता? त्याच्याकडे एवढंच होतं. एक रात्र आणि एक धूर.

रोसलास तसं उभं राहिलं. दोनशे वर्षं तरी झाली असतील. ग्रिफ आणि लाउरी नावाचं जोडपं, दुसऱ्याच्या शेतावर राबणारं, गोठ्याच्या माळ्यावर झोपणारं. लाउरी वीसचीही नव्हती. पोटुशी होती, दिवस भरत आलेले. मूल गोठ्यात जन्माला येऊ नये एवढंच तिचं म्हणणं. त्यांनी हिवाळ्यातली रात्र निवडली, कारण ती लांब. वाकडी ओकची खोडं ग्रिफनं महिनाभर आधी ओढ्यात लपवून ठेवली होती. दोन खोडं एकमेकांवर टेकवली की कमान होते. तीच आजही छप्पर तोलतेय, आत गेलात तर काळी कुळकुळीत दिसेल. माणसं मदतीला आली. हिरवळीचे मातीसकट चौकोन कापून भिंती रचल्या, वर लव्हाळं टाकलं. चुलीसाठी दगड वाहून आणायला वेळ नव्हता. माळावर दोन मोठे धोंडे आधीच होते, त्यांच्यामध्येच चूल केली. धोंडे जसे होते तशी चूल. तिरकी.

पुढे ग्रिफनं मातीच्या भिंतींच्या जागी दगडाच्या घातल्या, दोन-दोन हात जाड. त्याच्या नातवानं पाटीच्या दगडाचं छप्पर केलं, झोपायला माळा घातला. पण चुलीला कुणी हात लावला नाही. आत उभं राहून बघितलंत तर ती भिंत सरळ नाही, चुलीसाठी वाकलीय. मेरेरिड म्हणायची, बाकीच्यांनी घरात चूल घातली, आमच्याकडे चुलीला घर घातलं.

का हात लावला नाही, ते सांगतो.

त्या रात्री पहाटेच्या सुमाराला भिंती झाल्या, छप्पर झालं, पण विस्तव पेटेना. दलदलीतून कापून आणलेल्या जळाऊ मातीच्या, पीटच्या ढेपा ओल्या होत्या. बायका म्हणाल्या, लाउरी तू बाजूला हो, तुला कळा येतायत. ती हटली नाही. गुडघ्यांवर बसून फुंकत राहिली. शेवटी उजाडता उजाडता धूर वर गेला. बाहेर माणसांनी टोप्या उडवल्या. आणि आत तिला मुलगा झाला. रडला नाही. धुगधुगत राहिला थोडा वेळ... आणि गेला.

बाप्तिस्मा झालेला नव्हता. चर्चच्या आवारात जागा मिळाली नाही. ग्रिफनं चुलीच्या शेजारचा सपाट दगड उचलला आणि त्याच्याखाली ठेवला त्याला. लाउरी एवढंच म्हणाली, विस्तव विझता कामा नये. तो गार पडेल.

तेव्हापासून विझला नाही. आपल्याकडे पूर्वी सगळ्याच घरांत रात्री निखारे राखेखाली पुरून ठेवायचे आणि सकाळी उकरून त्यावर ढेप ठेवायचे. पण बाकीच्या घरांत तो चहासाठी होता. रोसलासमध्ये तो त्याच्यासाठी होता. लाउरीनं सुनेला सांगितलं, सुनेनं तिच्या सुनेला. असं करत एल्वेडच्या आईपर्यंत आलं. तिनं मेरेरिडला सांगितलं.

मेरेरिड तेव्हा हसली होती. तीच मला सांगायची. नवी नवरी, इलेक्ट्रिकची शेगडी हुंड्यात आणल्यासारखी मिरवत आलेली. सासूला म्हणाली, "दीडशे वर्षांच्या बाळाला आता ब्लँकेट पुरे की हो." सासूनं फावडी उचलून निखाऱ्यांवर राख ओढली.

मग एक्काहत्तर साली मेरेरिडला दिवस गेले. एल्वेडनं पाळणा केला. त्याच्याइतकं वाईट सुतारकाम अख्ख्या खोऱ्यात कुणाचं नव्हतं, पण तो पाळणा त्यानं जीव ओतून केला. अॅश झाडाच्या लाकडाचा, खिळा न मारता, सगळे सांधे एकात एक अडकवून. आम्ही त्याला चिडवायचो, बाळ शाळेत जाईल तेव्हा होईल रे तुझा पाळणा. वेळेवर झाला. बाळ मात्र...

शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं. मुलगी झाली. आधीच गेलेली. त्या काळात काय करायचे, माहीत आहे? कापडात गुंडाळून घेऊन जायचे. आईला दाखवायचे नाहीत. एल्वेड दारात उभा होता, नर्स त्याच्या समोरून गेली. म्हणाली, बघू नका, विसरायला सोपं जाईल. तो बिचारा चोविसाचा. त्यानं ऐकलं. मान खाली घातली. कापडाचा कोपरा दिसला, तेवढाच. कुठे पुरलं तेही सांगितलं नाही. पुढे विचारायला गेले तेव्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

मेरेरिड घरी आली. रात्री सासू निखारे पुरायला उठली, तर ही आधीच चुलीपाशी बसलेली. सासूच्या हातून तिनं फावडी घेतली. म्हणाली, "इथून पुढे मी करीन."

बस. त्यानंतर पन्नास वर्षांवर तिनं एक रात्र चुकवली नाही. बहिणीच्या लग्नाला गेली नाही, का, तर मुक्काम पडला असता. मूल दुसरं झालं नाही. लोक म्हणायचे, मेरेरिडला वेड आहे. मी एकदा तिला विचारलं होतं. म्हणाली, "माझी कुठे आहे मला माहीत नाही इथेल. हा कुठे आहे ते माहीत आहे. ज्याला ऊब देता येते त्याला द्यावी."

मग त्या हिवाळ्याआधीच्या ऑक्टोबरात ती गेली. झोपेत. दफनाच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. बायका चहा करत होत्या, केक कापत होत्या, मीही होतो. आणि त्या एवढ्या माणसांत चुलीवर एक ढेप ठेवायचं कुणालाही सुचलं नाही. सगळे गेल्यावर एल्वेडनं राख उकरली. तळापर्यंत. काळी, गार.

पेटवता आली असती की नाही? काडी घ्यायची, पेटवायची. त्यानं नाही पेटवली. मला म्हणाला, "आता कुणासाठी?"

जरा थांबा. मेंढी उठली काय? नाही... कूस बदलली फक्त. ठीक आहे.

तर तो शनिवार. एल्वेड वर पोचला. दार तुम्ही पाहिलंय, माझ्या हनुवटीएवढं आहे, वाकूनच आत जावं लागतं. वीज आधीच तोडलेली होती, म्हणून टॉर्च घेऊन आत गेला. ओट्याखालचा कॉक पान्यानं बंद केला. मग सगळे नळ उघडले आणि पाणी जाईपर्यंत ओट्याला टेकून उभा राहिला. घर रिकामं होतं. रिकाम्या घरात पाण्याचा आवाज मोठा येतो. गळगळ... मग थेंब... मग थेंबही थांबले.

आणि त्याला दुसरा आवाज ऐकू आला.

फावडीचा. दगडावर लोखंड ओढल्याचा. पलीकडच्या खोलीतून.

तो आवाज त्यानं जन्मल्यापासून रोज रात्री ऐकलेला होता. आधी आईचा, मग बायकोचा. तो त्याला भीती वाटायच्या आधी सवयीचा वाटला. त्याच्या तोंडून नकळत निघून गेलं, "झोपायला ये आता."

म्हटलं... आणि मग त्याच्या लक्षात आलं.

फावडी त्यानं महिन्यापूर्वीच खाली नेस्टाकडे नेली होती.

आवाज चालूच होता.

तो मधल्या दारापाशी गेला. टॉर्च जमिनीकडे धरलेला. वर करायला हात तयार होईना. चुलीपाशी कुणीतरी गुडघ्यांवर बसलं होतं. पाठमोरं. डोक्यावरून शाल.

"मेरेरिड?"

मेरेरिड अंगानं भरलेली होती. ही बारीक होती. लहान होती. कोपरापर्यंत हात काळे, ओल्या मातीचे. खाली वाकून ती राखेत फुंकत होती. राख उडत होती. थंड राख, टॉर्चच्या उजेडात. फुंकायची. थांबायची. पोटाला हात लावायची... पुन्हा फुंकायची.

एल्वेड मागे सरला. एक पाऊल. मग दुसरं. पाठ बाहेरच्या दाराला लागली. हात मागे नेऊन त्यानं कडी चाचपली. सापडली. लोखंड इतकं गार की बोटं चिकटली. दार उघडलं. बाहेर चांदणं, गाडी दिसत होती. चार ढांगा टाकल्या की गाडी.

आणि तेव्हा ती बोलली. वळली नाही. चुलीलाच सांगितल्यासारखी बोलली.

"पेटत नाही."

...

"उजाडायला आलं. पेटत नाही."

...

मग अगदी हळू.

"तो गार पडलाय."

मी त्याला विचारलं होतं, तू पळाला का नाहीस? तो म्हणाला, "पळणारच होतो रे. पण तिनं तसं म्हटल्यावर पळता येतं का?"

त्यानं दार लावून घेतलं. आतून.

जाळायला काही हवं होतं. घरात काही नव्हतं. ढेपा गेलेल्या, लाकडं गेलेली, शेल्फसुद्धा काढून नेलेली. बाहेरचं सगळं बर्फानं गोठलेलं. कोरडं लाकूड अख्ख्या घरात एकच होतं, आणि ते कुठे आहे हे त्याला माहीत होतं.

तो तिच्या शेजारून गेला. अंगाला अंग लागेल इतक्या जवळून. तिथे दुसरी वाट नाही. मातीचा वास आला म्हणाला. शिडी चढला. माळ्यावर, छपराच्या कमानीखाली, चादरीनं झाकलेला पाळणा होता. मेरेरिड दर वसंतात तो पुसायची, पुन्हा झाकायची. त्याबद्दल त्या दोघांत कधी एक शब्द झाला नव्हता.

खाली आणला. जमिनीवर ठेवला. आणि त्यावर पाय दिला.

खिळा नव्हता ना त्यात. पहिल्यांदा मोडला नाही. सांधे घट्ट होते. त्याला तीनदा पाय द्यावा लागला... हे सांगताना त्यानं मी ओतलेल्या चहाला हात लावला नाही.

पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड. काडी लावल्याबरोबर धरलं. आधी काठ, मग फळ्या. उजेड वर आला, धोंड्यांवर पडला, आणि तेव्हा तिनं तोंड वळवलं.

भयंकर काही नव्हतं, माक्सेन. तू वाट बघतोयस ते नव्हतं. पोरगी होती. आपल्या हेलेदपेक्षा लहान. दमलेली. तोंडाला राख लागलेली. तिनं एल्वेडकडे असं बघितलं, जसं रात्रभर मदतीला आलेल्या शेजाऱ्यांपैकी एकाकडे बघावं.

"तू कुणाचा?" तिनं विचारलं.

"इथलाच," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. तेवढं तिला पुरलं. मग शाल बाजूला केली, आणि तिच्या पुढ्यात जे होतं ते दोन्ही हातांनी त्याच्यापुढे केलं.

"धर. मी धूर बघून येते."

एल्वेडनं हात पुढे केले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि मूल कसं धरतात ते त्याला माहीत नव्हतं. त्याच्या हातात आजवर कुणी दिलंच नव्हतं. ती दारातून वाकून बाहेर गेली. दार उघडल्याचा आवाज झाला नाही. लावल्याचाही नाही.

वजन होतं म्हणाला. थोडंसंच. सशाएवढं. आधी गार होतं, कापडातून त्याच्या हाताला गारवा लागत होता. तो विस्तवाजवळ सरकला. कोटाची बटणं काढली, आत घेतलं, पुन्हा कोट ओढला. आणि बसून राहिला. पाळणा जळत होता. हळूहळू... त्याच्या छातीपाशी ऊब आली. आतून येते ती. बाहेरची नाही.

मग काहीतरी हललं.

त्यानं खाली बघितलं. तेव्हा त्याला नर्स आठवली म्हणाला. बघू नका. ते एवढी वर्षं त्यानं ऐकलं होतं. या वेळी त्यानं कापडाचा कोपरा बाजूला केला.

काय दिसलं ते त्यानं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. पण एक सांगतो. लाउरीला मुलगा झाला होता. ती पोर बोलली तेही 'तो' म्हणूनच बोलली. आणि एल्वेड मला सगळं सांगत होता, तो इथून पुढे सारखा 'ती' म्हणत होता. ती हलली. ती झोपली. तिनं माझं बोट धरलं. एकदा म्हणाला, "इथेल, हनुवटी अगदी मेरेरिडची."

रात्रभर तो तसाच बसला होता. लाउरी परत आली नाही. नेस्टाचे फोन येत होते, गाडीत वाजत होते, त्याला कुठे ऐकू येणार?

उजाडताना मी चारा घेऊन बाहेर पडलो. वारा अजिबात नव्हता. सगळं पांढरं. वर बघितलं, तर रोसलासच्या धुराड्यातून धूर. सरळ, दोरीसारखा. मला आधी बरं वाटलं, सवयीनं. मग आठवलं की मेरेरिड नाही. मी चारा तिथेच टाकला आणि चढायला लागलो. गाडीवर बोटभर बर्फ. दार नुसतं लोटलेलं. मी हाक मारली. आत गेलो.

तो चुलीपाशी जमिनीवर बसला होता. दोन्ही हात छातीशी, असे... असे धरलेले. चुलीत निखारे होते. मला वाटलं, गेला. इतका हलत नव्हता. मी खांद्याला हात लावायला वाकलो, तर डोळे न उघडता म्हणाला, "हळू."

मी म्हटलं, "एल्वेड, मी आहे."

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग खाली स्वतःच्या हातांकडे. हात रिकामे होते. त्यानं ते बघितले... तो रडला नाही हेलेद. मी माणसं रडताना पाहिलीत, तुझी आजी गेली तेव्हा मी स्वतः रडलोय. त्याचं ते तसं नव्हतं. तो नुसता कोटाच्या आत बघत राहिला. एक बाजू उघडून बघितली, मग दुसरी. मग पुन्हा पहिली. खिसे चाचपतात ना माणसं काही हरवलं की, तसं. मला ते बघवेना. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

सोमवारी त्यानं किल्ली दिली. त्या बाईला काही सांगितलं नाही. पुढे मे महिन्यात तो गेला. नेस्टाच्या घरी, दुपारी, खुर्चीत. माझ्यासमोर तो हे सगळं फक्त त्या रविवारी बोलला, माझ्या स्वयंपाकघरात, आणि नंतर कधीच नाही.

तुम्ही म्हणाल, म्हातारा माणूस, बायको गेलेली, थंडीनं डोकं फिरलं असेल. नेस्टाही तेच म्हणते. डॉक्टरही. मीही म्हटलं असतं.

पण त्याला उठवताना मी त्याच्या काखेत हात घालून, तोंड त्याच्या खांद्यापाशी नेऊन उचललं होतं. तो लोकरीचा जाड कोट. उजवा खांदा ओला होता. हाताएवढा डाग, पांढरट, ओघळ पाठीकडे गेलेला. त्या घरात पाण्याचा थेंब नव्हता आणि बाहेर सगळं दगडासारखं गोठलेलं. मी वास घेतला.

दूध होतं. आंबूस, कोमट. पोटातून आलेलं.

चार पोरं मी खांद्यावर घेऊन थोपटलीत. तुझा बापही त्यातलाच, हेलेद. तो वास मला कुणी शिकवायला नको. आणि आणखी एक मला माहीत आहे. उपाशी बाळ कधी दूध ओकत नाही. तिला कुणीतरी पोटभर पाजलेलं होतं.